क्युसेक नको, फूट सांगा

पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडला नदीकाठी राहणाऱ्यांच्या मोबाइलवर एक निरोप येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. पवना धरणाच्या सांडव्यावरून विसर्ग वाढवून इतके हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीपात्रात उतरू नये, जनावरं आणि साहित्य सुरक्षित ठिकाणी हलवावं, सतर्क राहावं. निरोप वेळेवर येतो आणि खराही असतो. पण जुन्या सांगवीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला वेगळंच विचारायचं असतं. माझ्या उंबऱ्याला पाणी लागणार का? लागणार असेल तर किती वाजता? तेवढं सोडून सगळं त्या निरोपात असतं.

मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपच्या स्टोअरला होते. निवृत्त झाले आणि सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं. सचिवाचं काम म्हणजे लिफ्टची एएमसी, मेंटेनन्सची थकबाकी आणि पार्किंगची भांडणं, अशी समजूत असते. आमच्याकडे त्यात नदीही येते. खरं तर दोन नद्या. जुनी सांगवी बेचक्यात आहे. एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा, आणि मुळेपलीकडे औंध. दापोडीपाशी पवना मुळेला मिळते, पुढे पुण्यात संगमावर मुठा येते. म्हणजे आमच्या पार्किंगमधल्या पाण्यावर तीन ठिकाणच्या धरणांचा हात असतो. पवना आणि खडकवासला जलसंपदा विभागाकडे आहेत. मुळशीचं धरण टाटांचं. त्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभा केला होता, तेच हे धरण. मुळशीचं पाणी एरवी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात जातं. धरण भरून वाहू लागलं की जास्तीचं पाणी मुळेत येतं. खडकवासल्याचं पाणी मुठेतून उतरतं. ते आमच्या दारातून जात नाही, पण संगमावर मुठा फुगली की मुळेला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि ती मागे तुंबते.

आता क्युसेक. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हटलं की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर. सोसायटीच्या सभेत हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले होते, कारण टँकर आम्हाला चांगला कळतो. नोव्हेंबर २०१९ पासून या शहराला नळाचं पाणी दिवसाआड येतं. उन्हाळ्यात टँकरचं बिल भरायचं आणि पावसाळ्यात पवना धरणाचं पाणी पार्किंगमधून उपसायचं. आमचं पिण्याचं पाणीही पवनेतूनच येतं. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीला शुद्ध करून वाटतात.

पवना धरणात वापरता येण्याजोगा साठा ८.५१ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांच्या आसपास. एका दिवसात सेकंद ८६,४००. म्हणजे १०,००० क्युसेकनं दिवसभर पाणी आलं तर पाऊण टीएमसीपेक्षा थोडं जास्त भरतं. डोंगरात सलग पाऊस लागला की असे दिवस एकामागून एक येतात. धरणावरचा अभियंता रोज हाच हिशेब करत बसतो. आत येणारं पाणी, त्याला ते ‘येवा’ म्हणतात, किती, साठा किती आणि सोडायचं किती. मला हा हिशेब परका वाटला नाही. स्टोअरमध्ये प्रत्येक मालाच्या कार्डावर मिनिमम आणि मॅक्सिमम लिहिलेलं असतं. मिनिममखाली गेलात तर लाइन बंद पडते, मॅक्सिममच्या वर गेलात तर माल ठेवायला जागा नाही. धरणाचा माल फक्त चार महिने येतो आणि किती येणार हे पुरवठादार सांगत नाही. म्हणून जलसंपदा विभागाकडे प्रत्येक धरणाची परिचालन सूची असते. अमुक तारखेला साठा अमुक पातळीपर्यंतच, त्यापुढचं पाणी सोडायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला ही पातळी खाली असते आणि परतीच्या पावसाच्या सुमाराला धरण काठोकाठ भरून घेतात.

यातून नदीकाठच्या माणसानं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रातली बहुतेक धरणं पूर अडवायला बांधलेलीच नाहीत, साठवायला बांधलेली आहेत. पुरासाठी वेगळी राखीव जागा त्यांत नाही. जूनमध्ये धरण रिकामं असतं, तेव्हा कितीही पाऊस पडला तरी ते गिळून टाकतं आणि आपल्याला वाटतं, धरणानं वाचवलं. ऑगस्टअखेरीस धरण भरलेलं असतं, तेव्हा तेवढाच पाऊस जसाच्या तसा खाली येतो. आमच्याकडे नवीन राहायला आलेली माणसं जुलैच्या पावसाला घाबरतात. जुनी माणसं गणपतीतल्या पावसाला घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पवना धरणाला सहा दरवाजे आहेत. दरवाजे उघडले की आपण वर बोट दाखवतो, धरणवाल्यांनी पाणी सोडलं म्हणून. हे अर्धंच खरं आहे. धरणाच्या खाली मावळातली गावं, सोमाटणे, गहुंजे, रावेत, आणि मग आपलंच शहर, एवढ्या भागाचा पाऊस कुठल्याही दरवाज्यातून जात नाही. तो सरळ ओढ्यानाल्यांतून नदीत येतो. दरवाजे घट्ट बंद असतानाही पवना वाढू शकते आणि वाढते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी थेरगाव, वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर इथे शेतं होती. तेव्हा तोच पाऊस जिरत, थांबत येत होता. आता गच्च्या, पार्किंगचे ब्लॉक आणि सिमेंटचे रस्ते त्याला थांबू देत नाहीत. आम्ही सगळे फ्लॅटवाले मिळून या नदीचं एक बिनदरवाज्याचं धरण झालो आहोत, ही गोष्ट सोसायटीच्या सभेत बोलून दाखवली की कुणालाच आवडत नाही.

आमच्या सोसायटीनं पहिलं काम केलं ते रंगाच्या डब्यानं. नदीकडच्या कंपाउंडच्या खांबावर फुटाच्या खुणा काढल्या, काळ्यावर पिवळे आकडे, टॉर्च मारला की वरच्या मजल्यावरून दिसतील एवढे मोठे. शून्य धरलं नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांतली शेवटची पायरी. प्रत्येक खुणेला एक काम जोडलं. पहिल्या खुणेला वॉचमननं सचिवाला उठवायचं. दुसरीला गाड्या हलवायच्या. तिसरीला लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची आणि मीटररूमचा मेन स्विच पाडायचा. चौथीला तळमजला रिकामा. कुणाला काय वाटतं याची चर्चा त्या रात्री करायची नाही. चर्चा मे महिन्यात.

ही कल्पना माझी नव्हे. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं. तिकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर माणसं राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. सांगलीत तसेच आयर्विन पुलाचे आकडे, ४० आणि ४५. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथल्या माणसानं ‘पंचावन्न’ म्हटलं की पाणी कुठल्या गल्लीत कुठवर आलं होतं हे ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढे दिसतं. त्यातून पूर थांबत नाही. पण कुणाची गाय कधी सोडायची, कुणाचं धान्य माळ्यावर कधी टाकायचं, हे घराघरांत ठरलेलं असतं. पिंपरी-चिंचवडला असा सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा नाही. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरलं की लोक म्हणतात, यंदा पूर आला. तीही एक मोजपट्टीच म्हणायची, पण मंदिर चिंचवडला आणि आम्ही सांगवीत.

खांब रंगवल्यावर वही सुरू केली. एका रकान्यात निरोपातला पवनेचा विसर्ग, पुढच्यात मुळशीचा, मग खडकवासल्याचा, शेवटी आमच्या खांबावरचं पाणी आणि वेळ. वॉचमन लिहितो, मी सकाळी तपासते. वही भरत गेली तसं एक दिसायला लागलं. पवनेच्या एकाच विसर्गाला आमच्याकडे पाणी कधी पायऱ्यांवरच राहतं आणि कधी कंपाउंडला टेकतं. मुळा त्या वेळी खाली असली तर पवनेचं पाणी झपाझप निघून जातं. मुळशी सुटलेली असली तर मुळाच पवनेला आत ढकलते. म्हणजे फक्त पवनेचा निरोप वाचून निर्धास्त झोपणारा सांगवीकर अर्धाच जागा असतो. आता आमच्या गटात तिन्ही धरणांचे आकडे एकत्र टाकतो आणि खाली खांबावरचा आकडा. लोक वरचं वाचत नाहीत. खालचं वाचतात.

भीमा खोऱ्यातल्या धरणांची आणि नद्यांची पातळी जलसंपदा विभाग यंत्रांनी सतत मोजत असतो, तेव्हा माहिती नाही असं नाही. ती धरणाच्या भाषेत आहे, पुलाच्या भाषेत नाही. प्रत्येक पुलाच्या खांबावर फुटाच्या खुणा काढायच्या आणि निरोपात क्युसेकपुढे ‘अमुक पुलाशी अमुक फूट’ एवढं जोडायचं, याला मोठा प्रकल्प लागत नाही.

आता पाणी घरात शिरतं कसं ते सांगते, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. पूर म्हटलं की काठ ओलांडून धावत येणारं पाणी डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे पाणी आधी खालून येतं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी नेणारे पाइप नदीत उघडतात. नदीची पातळी पाइपाच्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं चालू लागतं, नदीतून रस्त्यात. काठ अजून कोरडा असतो आणि गल्लीच्या मधोमध चेंबरचं झाकण डुगडुगायला लागतं. मग ड्रेनेज. तळमजल्याच्या संडासात बुडबुडे आले की समजायचं, मैलापाण्याची लाइन भरली. तिसरी वाट जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची. टाकीचं झाकण जमिनीलगत असेल तर पुराचं पाणी आणि ड्रेनेज दोन्ही त्यात उतरतं, आणि कुणाला न कळता पंप तेच पाणी वरच्या टाकीत चढवतो. पूर ओसरल्यावर पोटाचे आजार वरच्या मजल्यांवरही होतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तळमजल्याची कीव करणाऱ्या सहाव्या मजल्याला हे समजावून सांगितलं तेव्हा कुठे टाकीचं काम सभेत मंजूर झालं.

आमच्या आवारातून नदीकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली. पाणी बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. कारखान्यात काम केलेल्या कुणाही फिटरला हे कळतं, आणि या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात एक फिटर आहे. झडपेला एक खोड असते. नारळाची करवंटी, प्लॅस्टिकची पिशवी किंवा जलपर्णीचा झुबका अडकला की ती बंदच होत नाही, म्हणून पाऊस लागला की दर रविवारी हात घालून बघायचं. मात्र झडप लागली की आपल्या आवारात पडलेला पाऊस बाहेर जायला वाट उरत नाही. तेव्हा एका कोपऱ्यात खड्डा आणि त्यात मडपंप हवाच. मडपंपाला वीज हवी, आणि पुरात महावितरण सुरक्षिततेसाठी वीज बंद करतं. म्हणून जनरेटर. आणि तो जनरेटर नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये ठेवलेला असला तर सगळ्यात आधी तोच बुडतो. आमच्या बिल्डरनं तो आणि मीटररूम दोन्ही सगळ्यात खोल जागी ठेवले होते. मीटर वर उचलायला जो खर्च आला त्यात दोन वर्षांचा रंग झाला असता. रंग पुढे ढकलला.

टाकीचं झाकण कमरेएवढं उंच केलं. गाड्यांसाठी वरच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाशी बोलून ठेवलं. श्रावणात लग्नं नसतात, मैदान मोकळं असतं, कार्यालयाच्या मालकिणीनं पैसे घेतले नाहीत. तळमजल्याच्या प्रत्येक घराला वरचं एक घर ठरवून दिलं. कुणाचं सामान कुणाकडे, हे नावानं. ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले एक आजोबा आहेत, त्यांचं नाव यादीत पहिलं लिहिलं होतं. नंतर वॉचमनची बायको म्हणाली, “मॅडम, आमचं नाव कुठंय?” जिन्याखालच्या खोलीत ती, तिचा नवरा आणि दोन मुलं राहतात. इमारतीत सगळ्यात खाली तेच. पुराची वही तिचा नवरा लिहितो. आता यादीत पहिलं नाव त्यांचं आहे आणि त्यांच्या खोलीचं सामान हलवल्याशिवाय कुणाची गाडी हलत नाही. हा ठराव एकमतानं झाला नाही, बहुमतानं झाला. तेही लिहून ठेवते.

पूर ओसरल्यावर करायचं काम एकच आणि घाईचं. गाळ ओला असतानाच काढायचा. तो वाळला की फावडं चालत नाही, आणि पुढचे कित्येक महिने त्याची धूळ छातीत जाते.

इथपर्यंतचं एका सोसायटीला जमतं. पुढचं जमत नाही. काठावरच्या एका सोसायटीनं नदीकडची भिंत उंच केली. चांगली, आरसीसीची. त्यांच्याकडे पाणी आलं नाही. ते शेजारच्या पत्र्याच्या घरांत आधीपेक्षा लवकर आलं. पाणी नाहीसं होत नसतं, त्याला जागा लागते, आणि मी माझी जागा बंद केली की ते तुमची मागतं. त्या भिंतीवरून झालेलं भांडण सहकाराच्या कुठल्याच नियमात बसेना. कारण गृहनिर्माण संस्थेचा कारभार तिच्या आवारापुरता असतो. कंपाउंडच्या आतलं आपलं, बाहेरचं महापालिकेचं. नदी कंपाउंडला विचारत नाही.

शेतकऱ्यांना हे आपल्या आधी कळलं. धुळे-नंदुरबारकडे पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा गावाचा, पाट गावाचा, आणि पाण्यासाठी नेमलेली माणसंही गावाची: पाटकरी, हवालदार, जागल्या. त्यांचं पोट गावानं भरायचं. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलं, मोजून वाटलं, आणि पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. महाराष्ट्रात २००५ मध्ये सिंचन पद्धतींचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्यामागे अशा कामांचा अनुभव होता. म्हणजे शेतीच्या पाण्यावर एकत्र येणाऱ्यांना कायद्यानं मानलं. शहरात नदीकाठी राहणाऱ्या माणसासाठी तसं काही नाही. पुणे जिल्ह्यातल्या प्रकल्पांचं पाणी शेतीला किती, शहराला किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, लोकप्रतिनिधी तिथे भांडतात, वर्तमानपत्रात येतं. टंचाईचं पाणी वाटायला बैठक आहे. जास्तीचं पाणी कुणाच्या दारातून जाणार, यासाठी काठावरच्या माणसाला खुर्ची नाही.

नेदरलँड्समध्ये उलटं आहे. तिथला बराचसा देश समुद्रसपाटीच्या खाली. पाण्यासाठी त्यांनी वेगळीच पंचायत काढली. लायडन शहराच्या परिसरातलं राइनलँडचं जलमंडळ तेराव्या शतकापासून चालू आहे. आज अशी २१ मंडळं आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा, आणि हद्द गावाच्या वेशीवरून ठरत नाही, पाणी कुठून कुठे वाहतं त्यावरून ठरते. राजे बदलले, युद्धं झाली, पण बांध कुणी बघायचा हा प्रश्न तिथे मोकळा राहिला नाही. आपल्याला तेवढं सगळं नको. पण पवनेचा रावेतपासून दापोडीपर्यंतचा काठ एक धरून दोन्ही तीरांवरच्या सोसायट्या, गावठाणं आणि वस्त्या यांची एक संस्था का असू नये? चिखली-मोशीकडच्या सोसायट्यांनी पाण्याच्या आणि बिल्डरच्या प्रश्नांवर फेडरेशन केलंच आहे. डॉ. विश्वास येवले यांनी २००२ मध्ये सुरू केलेली जलदिंडी आळंदीहून पंढरपूरला नदीतून होडीनं जाते आणि काठावरच्या माणसांना नदीशी जोडते. माणसं जमतात. त्यांना जमायला कागद हवा.

आमच्या काठावर तूर्त कागदाशिवाय चाललं आहे. शेजारच्या सोसायट्या, खालची वस्ती आणि गावठाणातली तालमीची पोरं मिळून एक गट आहे. गावठाण उंचावर आहे, पुरात तिथे पाणी जात नाही. ज्यांनी ते वसवलं त्यांना नकाशे लागले नव्हते. गटाचा नियम साधा. नदीकडे कुणी भराव टाकताना दिसला तर फोटो काढून गटात टाकायचा, मग तो आपल्या सोसायटीचा सभासद असला तरी. पात्रात राडारोडा रात्री येतो. एकेक ट्रॉली दिसायला छोटी असते. पण पात्र अरुंद झालं की तेच पाणी उंच चढतं, आणि मग आम्ही धरणाच्या नावानं खडे फोडतो.

निळ्या रेषेबद्दल बोलायलाच हवं. नदीच्या नकाशावर जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे निर्बंध. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकून माणूस निवांत होतो. मागच्या वर्षी येऊन गेला ना, आता चोवीस वर्षं काळजी नाही! तसं नसतं. दर वर्षी शंभरात चार अशी ती शक्यता आहे आणि ती दर वर्षी नव्यानं सुरू होते. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं. त्या वीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात ५६ पडते. म्हणजे येण्याचीच जास्त. लाल रेषेच्या पुरालाही वीस वर्षांत शंभरात १८ शक्यता आहे. हप्त्याचा हिशेब करणारी बँक हा हिशेब सांगत नाही.

या रेषेची किंमत काय असते ते चिखलीनं पाहिलं. इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला होता. टीव्हीवर यंत्रं आणि रडणारी माणसं दिसली. आदेश बरोबर होता असं माझं मत आहे, आणि त्या माणसांबद्दल मला वाईटही वाटलं. प्लॉट विकणारा तेव्हा तिथे नव्हता. रस्ता, वीज, घरपट्टी हे सगळं मिळत गेलं की घेणाऱ्याला वाटतं, सरकारला माहीत आहे, मग चालतंय. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, एवढं तरी आता सगळ्यांना कळलं असेल.

आणि काठ म्हणजे फक्त आमचा काठ नव्हे. वर पवनानगरला धरणाच्या काठावर आज शनिवार-रविवारचे तंबू लागतात. त्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्या कुटुंबांतल्या अनेकांचं पुनर्वसन अर्धशतक उलटूनही पूर्ण झालेलं नाही. धरणातून थेट शहरात बंद जलवाहिनी आणायचं ठरलं तेव्हा मावळ पेटलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे या तिघांचा जीव गेला. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा हाही इतिहास आहे, आणि शहरात तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. नदीकाठची संस्था करायची तर तिच्यात मावळचा माणूस हवा. पाणी सुटलं की आधी त्याच्या भातखाचरातून जातं, मग आमच्या पार्किंगमध्ये येतं.

चाकणकडे कारखाने आणि त्यांच्यामागून घरं अजून वाढताहेत. तिकडे भामा आसखेडचं धरण आहे, इंद्रायणी आणि भामा आहेत. आंद्रा आणि भामा आसखेड मिळून पिंपरी-चिंचवडला दिवसाला २६७ दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे, म्हणजे ती धरणंही आता आपल्या घरात आली. सांगवीत आम्हाला जे घरं घेतल्यावर शिकावं लागलं ते तिकडच्यांना आधी विचारता येईल. सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा बिल्डरला जिम कुठे आहे ते नंतर विचारा. विकास आराखड्याच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा कुठून जाते, जनरेटर आणि मीटररूम कुठल्या पातळीला आहे, आवारातला पाइप कुठे उघडतो, हे आधी विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका.

आणि जे आधीच नदीकाठी राहतात त्यांना एक विनंती. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस १४ दिवस आधी काढावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवा: पुराच्या खुणा, पुराची यादी आणि शेजारच्या सोसायटीशी बोलणी. कोरम नसला तर सभा तहकूब करून अर्ध्या तासानं घ्या. विषय मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका.